भरतीच्या घड्याळावर चालणारं शहर

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

पावसाळा जवळ आला की मुंबईच्या वर्तमानपत्रांत एक लहानसं कोष्टक छापून येतं. समुद्राला साडेचार मीटरपेक्षा मोठी भरती कोणत्या दिवशी आणि किती वाजता येणार, याचं. बाहेरगावच्या माणसाला वाटेल, हे कोळ्यांसाठी असावं. कोळ्यांना त्याची गरज नाही. तिथी सांगितली की उधाण आहे की भांग, हे ते बोटांवर मोजून सांगतात. कोष्टक असतं ते हिंदमाताच्या कापड दुकानदारासाठी, कुर्ल्याला तळमजल्यावर राहणाऱ्या कुटुंबासाठी, संध्याकाळच्या लोकलने कल्याणला परतणाऱ्या कारकुनासाठी. कारण या शहरात पाऊस किती पडला याइतकंच तो केव्हा पडला यालाही महत्त्व आहे. ओहोटीच्या वेळी पडलेला पाऊस बघता बघता निघून जातो. तोच भरतीच्या वेळी पडला, तर रस्त्यावर उभा राहतो.

हे असं का, हे समजून घ्यायचं तर अडीचशे वर्षं मागं जावं लागतं.

मुंबई ही मुळात सात बेटं. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम. आपण हे शाळेत पाठ केलेलं असतं. पण या बेटांच्या मध्ये काय होतं, हे पाठ केलेलं नसतं. मध्ये खोल समुद्र नव्हता. मध्ये होती दलदल, खाजण आणि चिखल. भरतीला तिथं पाणी यायचं, ओहोटीला निघून जायचं. महालक्ष्मी आणि वरळी यांच्या मधल्या खिंडारातून समुद्र आत शिरायचा आणि थेट भायखळ्यापर्यंत पसरायचा. पायधुनी हे नाव आपण सहज घेतो. मुंबई बेटावर येताना चिखलातून, उथळ पाण्यातून चालत यायचं आणि इथं पाय धुवायचे, अशी त्या नावाची उपपत्ती सांगतात. उमरखाडीतली खाडीही आज शोधून सापडणार नाही. नावात तेवढी शिल्लक आहे.

हे खिंडार बुजवलं ते गव्हर्नर विल्यम हॉर्नबीच्या कारकिर्दीत. 1784 च्या सुमाराला महालक्ष्मी ते वरळी असा बांध पुरा झाला. तोच हॉर्नबी वेलार्ड. आजचा लाला लजपतराय मार्ग. बांध सारखा ढासळायचा, मग रामजी शिवजी नावाच्या पाठारे प्रभू स्थापत्यकाराला देवीने दृष्टांत दिला, समुद्रातून मूर्ती वर काढल्या आणि मगच बांध टिकला, ही महालक्ष्मीच्या देवळाची आख्यायिका मुंबईकरांना ठाऊक आहे. दुसरी कथा हॉर्नबीची. कंपनीच्या लंडनच्या संचालकांनी खर्चाला नकार दिला, पण नकाराचं पत्र येईस्तोवर काम आटोपत आलं होतं. इतिहासकार ही कथा जशीच्या तशी मान्य करत नाहीत. मला मात्र दोन्ही कथांपेक्षा त्यांत नसलेली गोष्ट महत्त्वाची वाटते. समुद्र बाहेर कसा ठेवायचा, याच्याच या गोष्टी आहेत. आत पडणारा पाऊस बाहेर कसा काढायचा, याची गोष्ट कुणी रचलेली नाही.

आणि खरा प्रश्न तिथंच सुरू झाला. बांध झाला, समुद्र अडला, पण आतली जमीन काही उंच झाली नाही. ती भरतीच्या पातळीच्या खालीच राहिली. पूर्वी पावसाचं पाणी ओहोटीबरोबर आपोआप वाहून जायचं. आता त्याच्या वाटेत बांध आला. म्हणून वरळीला झडपांचे दरवाजे बसवावे लागले. ओहोटी लागली की दरवाजे उघडायचे, भरती चढू लागली की बंद करायचे. एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत साधारण साडेबारा तास जातात. त्यातले ओहोटीचे काही तास, एवढाच वेळ पाण्याला बाहेर पडायला मिळायचा. बाकीचा वेळ त्याने आतल्या खोलगट भागात थांबायचं. इंग्रज या भागाला ‘फ्लॅट्स’ म्हणायचे. पावसाळ्यात तिथं तळं साचायचं, डास व्हायचे, ताप पसरायचा. सगळे नावं ठेवायचे. पण ते तळं शहराची टाकी होती, ही बाजू कुणी फारशी पाहिली नाही.

एकोणिसाव्या शतकात ती टाकी बुजवली. मातीने, दगडाने आणि बऱ्याच अंशी शहराच्या कचऱ्यानेही. कामाठीपुरा वसला. 1854 मध्ये ताडदेवला कावसजी दावर यांनी पहिली कापड गिरणी काढली. पुढे गिरण्या वाढल्या, त्यांच्या आसऱ्याने चाळी उभ्या राहिल्या. गिरणगावाचा बराचसा भाग दोन बेटांच्या मधल्या अशा सखल जमिनीवर आहे. हिंदमाताचा परिसर तर बशीसारखाच. चहूबाजूंचं पाणी तिथं येणार, हे ठरलेलं. पावसाळ्यात खाटेच्या पायांखाली विटा लावणं, पिठाचा डबा फळीवर ठेवणं, हे तिथल्या बायकांना कुणी शिकवावं लागलं नाही. महालक्ष्मीच्या रेसकोर्सची जागा तेवढी मोकळी राहिली. मूळची तीही दलदलच. घोड्यांच्या शर्यतींनी मुंबईवर केलेले हे उपकार फारसे कुणी मोजत नाही.

शहर वाढलं तशी जमिनीखालून गटारं बांधली. त्यातली काही विटांची कमानदार गटारं शंभर वर्षांनंतरही शाबूत आहेत. कारागिरी उत्तम होती यात शंका नाही. पण कुठलंही गटार बांधताना एक हिशेब करावा लागतो. तासाला किती पाऊस पडेल आणि त्यातला किती गटारात येईल? मुंबईच्या जुन्या गटारांचा हिशेब होता तासाला 25 मिलिमीटर, म्हणजे साधारण एक इंच. त्यातही निम्मंच पाणी गटारात येईल आणि निम्मं जमिनीत मुरेल, असं धरलेलं होतं. त्या काळी ते चुकीचं नव्हतं. वाड्या होत्या, अंगणं होती, माडांच्या बागा होत्या. पुढे अंगणात फरशी आली, रस्ता डांबराचा आणि मग काँक्रीटचा झाला, बागेच्या जागी इमारत आणि इमारतीभोवती मोटारींसाठी लाद्या आल्या. मुरायचं ते पाणीही गटाराकडे धावू लागलं. म्हणजे पाऊस तेवढाच पडला असता तरी गटारावरचा भार दुप्पट झाला असता.

शिवाय गटाराचं तोंड समुद्रात. महापालिकेच्या भाषेत पातमुख. मुंबईत अशी 186 पातमुखं मोजलेली आहेत आणि त्यातली बहुतेक सगळी भरतीच्या पातळीच्या खाली आहेत. मोठी भरती आली की पातमुख पाण्याखाली जातं. मग पाणी बाहेर जायचं सोडाच, समुद्रच उलटा गटारात शिरू पाहतो.

1985 च्या पावसाळ्यात शहर बुडालं, तेव्हा महापालिकेने या सगळ्याचा नव्याने अभ्यास करवला. तो अहवाल 1993 साली आला. ब्रिमस्टोवॅड हे त्याचं नाव. नाव अवघड आहे, पण सांगणं सोपं होतं. तासाला 25 ऐवजी 50 मिलिमीटर पाऊस धरा. जमिनीत काहीही मुरणार नाही असं धरा. नाले रुंद करा. आणि जिथं पाणी आपोआप बाहेर पडू शकत नाही, तिथं पंप बसवून ते समुद्रात फेका. अंदाजे खर्च 616 कोटी. खर्चाचा आकडा पाहून अहवाल बाजूला राहिला. थोडीफार कामं झाली, पण योजना म्हणून ती बारा वर्षं पडून होती.

आता उपनगराकडे वळू, कारण पुढची घटना तिथली आहे. साष्टी बेटावर विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यापासून एक नदी निघते आणि सुमारे 18 किलोमीटर वाहून माहीमच्या खाडीला मिळते. ती मिठी. 1860 मध्ये विहार तलाव झाला. तहानलेल्या मुंबईला नळाचं पाणी मिळालं आणि मिठीचं उगमाचं पाणी अडलं. त्याआधीच, 1845 मध्ये, माहीम आणि वांद्रे जोडणारा रस्ता झाला होता. लेडी अवाबाई जमशेटजींनी त्यासाठी 1 लाख 57 हजार रुपये दिले. नावा उलटून माणसं मरत होती, त्यामुळे तो रस्ता हवाच होता. पण खाडीचं तोंड आवळलं गेलं. विसाव्या शतकात विमानतळाची धावपट्टी नदीवर आली आणि नदीला काटकोनात वळवून तिच्याखालून नेलं. खाली वांद्रे-कुर्ला संकुलासाठी खाजणात भराव पडला. उरलेल्या काठावर कारखाने, भंगाराची गोदामं आणि ज्यांना दुसरीकडे कुठंच जागा मिळाली नाही, त्यांच्या झोपड्या. एवढं झाल्यावर लोक तिला नदी म्हणायचे विसरले. कितीतरी मुंबईकरांना मिठी ही नदी आहे हे 26 जुलै 2005 ला कळलं.

त्या दिवसाविषयी पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मी फक्त आकडे सांगतो. सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. सबंध जुलै महिन्यात तिथं सरासरीने पडतो त्याहून जास्त. त्याच वेळी कुलाब्याला झाला 73 मिलिमीटर. दुपारी एका तासात 190 मिलिमीटरपर्यंत पाऊस पडला आणि चारच्या सुमाराला समुद्राला 4.48 मीटरची भरती होती. गटार 25 चं, पाऊस 190 चा, दरवाजा बंद. मुंबईत चारशेहून अधिक माणसं गेली. बंद मोटारींत गुदमरून, दरडीखाली, पाण्यात.

यानंतर माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. 2006 मध्ये तिचा अहवाल आला. मिठीसाठी वेगळं प्राधिकरण झालं. आणि बारा वर्षं पडून असलेला तो 1993 चा आराखडा बाहेर निघाला. 2007 मध्ये केंद्र सरकारने त्यासाठी 1200 कोटी मंजूर केले. आठ पंपिंग स्टेशनं बांधायची ठरली. हाजी अली आणि इर्ला 2011 मध्ये सुरू झाली, वरळीचं लव्हग्रोव्ह आणि क्लीव्हलँड बंदर 2015 मध्ये, ब्रिटानिया 2016 मध्ये, गझधरबंध 2019 मध्ये. मोगरा आणि माहुल ही दोन मात्र जागेच्या प्रश्नात वर्षानुवर्षं अडकली. हाजी अलीच्या केंद्रातला एकेक पंप सेकंदाला 6 हजार लिटर पाणी समुद्रात फेकतो. जिथं बांध घालून समुद्र अडवला, तिथंच सव्वादोनशे वर्षांनी पंप बसवून पाणी बाहेर फेकावं लागलं.

हे पंप निरुपयोगी आहेत असं मी अजिबात म्हणत नाही. ते नसते तर भायखळा, ताडदेव, वरळीचं काय झालं असतं याची कल्पना करवत नाही. पण पंपापर्यंत पाणी पोचायला हवं ना! ते पोचतं जुन्याच गटारांतून आणि नाल्यांतून. त्यात गाळ, प्लास्टिक, केबलचे पाइप. 29 ऑगस्ट 2017 ला सांताक्रूझला 331 मिलिमीटर पाऊस झाला. पाणी लवकर ओसरावं म्हणून रस्त्यातलं मॅनहोलचं झाकण उघडलं होतं आणि गुडघ्याच्या वर पाण्यातून घरी चालत निघालेले शहरातले एक नामवंत डॉक्टर त्यात वाहून गेले. त्यानंतर मॅनहोलमध्ये झाकणाखाली जाळ्या बसवायला सुरुवात झाली. आपल्याकडे सुधारणा बहुतेकदा अशाच क्रमाने होतात.

हिंदमाताला शेवटी एक वेगळा उपाय करावा लागला. तिथून समुद्र लांब, गटाराला उतार कमी, पंप कितीही ओढोत, पाणी वेळेत जाईना. म्हणून 2021 पासून दादरच्या प्रमोद महाजन कला पार्कखाली आणि परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली मोठ्या टाक्या बांधल्या. रस्त्यावरचं पाणी तिकडे वळवायचं, टाकीत थांबवायचं आणि ओहोटी लागली की गटारात सोडायचं. पुढे मिलन सबवेजवळही अशीच टाकी झाली. म्हणजे जुन्या खाजणांत जे काम फुकट होत होतं, तेच आता काँक्रीटच्या टाकीत, वीज जाळून करावं लागतं. पण विचार योग्य दिशेने चालला आहे. भरतीच्या वेळी पाण्याला बाहेर काढता येत नसेल, तर त्याला कुठंतरी थांबायला जागा हवी.

या सगळ्यात हवामान बदलाचा संबंध काय? संबंध त्या हिशेबाशी आहे. 25 काय किंवा 50 काय, हे आकडे ठरवले ते मागच्या पावसाच्या नोंदी पाहून. मागं जसा पडला तसाच पुढे पडेल, हे त्यात गृहीत होतं. ते गृहीतच आता डळमळलं आहे. हवा एक अंशाने तापली की साधारण सात टक्के जास्त बाष्प धरून ठेवते. अरबी समुद्र तापतो आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या रॉक्सी कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. भारताच्या मध्य पट्ट्यात, म्हणजे गुजरात-महाराष्ट्रापासून ओडिशापर्यंत, मोठ्या प्रदेशावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना 1950 ते 2015 या काळात तिपटीने वाढल्या, असं त्यात दिसलं. गंमत म्हणजे, गंमत कसली, पण एकूण पावसाळी पाऊस मात्र कमी झाला होता. पाऊस कमी आणि कोसळणं जास्त. गटाराला सरासरीशी काही देणंघेणं नसतं, त्याला त्या एका तासाशी मतलब. आणि समुद्राची पातळी जसजशी चढेल, तसतसे पातमुख उघडं राहण्याचे तास कमी होत जातील. वरून पाणी जास्त आणि खाली दार उघडण्याची वेळ कमी.

2020 च्या 5 ऑगस्टला कुलाब्याला 331 मिलिमीटर पाऊस झाला, वारा ताशी 107 किलोमीटरपर्यंत गेला आणि एरवी पाणी न भरणाऱ्या गिरगाव, चर्चगेट परिसरात पाणी भरलं. 2005 मध्ये कोरडा राहिलेला हाच तो शहराचा दक्षिण भाग.

मग 2025 चा मे. मुंबईत मोसमी पाऊस साधारण 11 जूनला येतो. सगळा कारभार त्या तारखेवर बेतलेला. नालेसफाईची मुदत 31 मे, ठिकठिकाणी लावायचे लहान पंप जूनच्या तोंडाशी. त्या वर्षी पाऊस 26 मे रोजीच दाखल झाला. आधीचा सर्वांत लवकरचा दिवस होता 29 मे 1956. कुलाब्याला त्या महिन्यात 295 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि 1918 चा मे महिन्याचा विक्रम मोडला. नाल्यांतला गाळ अर्धवट निघालेला, पंप यायचे होते. नवीन भुयारी मेट्रोचं वरळीचं आचार्य अत्रे चौक स्थानक सुरू होऊन तीन आठवडेही झाले नव्हते; त्यात पाणी घुसलं. हॉर्नबीच्या बांधाने कोरडी केलेली जमीन तिथून लांब नाही. त्याच मे महिन्यात मिठीतला गाळ काढण्याच्या कामांत गैरव्यवहार झाल्याचा गुन्हाही नोंदवला गेला. पाऊस आपलं वेळापत्रक बदलतो आहे, निविदांचं वेळापत्रक मात्र जुनंच आहे.

आता गटारांची क्षमता 50 च्याही पुढे नेण्याची चर्चा आहे. ती वाढवावी लागेलच. पण आपण एका हाताने टाक्या बांधतो आणि दुसऱ्या हाताने आयत्या टाक्या बुजवतो, हे कुणीतरी स्पष्ट बोलायला हवं. पूर्व उपनगरात कांजूर, भांडुप, मुलुंड या बाजूला मिठागरं आहेत. पावसाळ्यात मीठ पिकत नाही; त्या चार महिन्यांत ती जमीन पाणी धरून ठेवते. 2024 मध्ये त्यातली सुमारे 256 एकर जमीन घरबांधणीसाठी देण्याचा निर्णय झाला. घरं गरिबांसाठी आहेत आणि मुंबईत गरिबाला घर नाही, हेही तितकंच खरं. म्हणून या प्रश्नाला सोपं उत्तर नाही. पण 50 मिलिमीटर पाऊस तासाभरात पडला तर एका हेक्टरवर 5 लाख लिटर पाणी होतं. 256 एकर म्हणजे शंभरहून जास्त हेक्टर. तिथं आज थांबणारं पाणी उद्या कुठं जाईल, याचा हिशेब इमारतींच्या नकाशाबरोबरच मांडला गेला पाहिजे.

त्याच वर्षी, 2025 च्या ऑगस्टमध्ये, तीन-चार दिवस पाऊस लागून राहिला. 19 तारखेला मिठीची पातळी 3.9 मीटरवर गेली आणि कुर्ल्याच्या क्रांतिनगरमधून साडेतीनशेच्या आसपास माणसांना हलवावं लागलं. तिथल्या लोकांना याची सवय आहे. रेशनकार्ड आणि मुलांची दप्तरं ते आधीच प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवतात. त्या दिवशी श्रावण वद्य एकादशी होती. म्हणजे उधाण नव्हतं, भांगाकडचे दिवस. सकाळची भरती होती पावणेचार मीटरची. वर्तमानपत्रातल्या त्या कोष्टकात छापण्याइतकी ती मोठी नव्हती.